गिधाड नर की मादी, हे कळतं तरी कसं?

२०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून २० गिधाडं आपल्या महाराष्ट्रात आणली, दहा ताडोब्यात आणि दहा पेंचमध्ये, आणि ऑगस्टमध्ये त्यांना जीपीएस टॅग लावून सोडलं, ही बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल. आमचा रविवारी सकाळी पाषाण तलावावर पक्षी बघायला जाणाऱ्यांचा ग्रुप आहे, तिथे एका काकूंनी विचारलं, "यात नर किती आणि माद्या किती?" साधाच प्रश्न, पण उत्तरं भलतीच यायला लागली. कुणी म्हणे मोठं दिसतं तो नर, कुणी म्हणे नाही, शिकारी पक्ष्यांत मादी मोठी असते, तर एकाने चक्क मानेवरच्या पिसांवरून ओळखा म्हणून फोटो टाकला. मी बायोटेक केलंय आणि शिकत असताना पिसांवरून लिंग ओळखायचं काम हाताने केलंय, म्हणून उत्तर लिहायला घेतलं, ते मेसेजमध्ये मावेना.

आणि दुसरं निमित्त आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगमधलंच. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे लव्हबर्ड्स आहेत, दुकानातून "जोडी" म्हणून आणलेले. दोघं दिवसभर एकमेकांना खेटून बसणार, चोचीत चोच घालून भरवणार, सगळं कसं संसारी. लाकडी पेटीत अंडीही घातली. काका रोज रात्री मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून आत लाल शिरा दिसतात का बघायचे आणि अंडं आपलं स्वच्छ पिवळं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी पेटीत नऊ अंडी निघाली तेव्हा मी म्हटलं, "काका, एकटी मादी एवढी घालत नाही हो एका वेळेस, दोघीही माद्या असतील." ते म्हणाले, "अगं, पण तो तिला भरवतो ना!"

काकांकडे काय झालं ते शेवटी सांगते. आधी मुद्द्याचं.

डोळ्यांना का दिसत नाही?

मोर आणि लांडोर कुणीही ओळखेल. चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो, तोही दिसतो. त्यामुळे आपल्याला वाटतं सगळ्या पक्ष्यांचं असंच असणार. पण कावळा घ्या, साळुंकी घ्या, नर-मादी समोरासमोर बसले तरी सांगता येत नाही. गिधाडांचं तेच आहे, पांढऱ्या पाठीचं असो की लांब चोचीचं, रंग एक, आकार एक, आणि घरटं बांधणं, अंडं उबवणं, पिल्लाला भरवणं हे दोघं मिळून करतात, म्हणजे वागण्यावरूनही खात्रीने बोलता येत नाही. पिल्लांचं तर विचारूच नका. आपला माळढोक मोठा झाला की नर चांगलाच थोराड होतो आणि छातीवर काळा पट्टा येतो, पण लहानपणी तोही सगळ्यांसारखाच.

सस्तन प्राण्यांसारखे बाहेरून दिसणारे अवयवही बहुतेक पक्ष्यांना नसतात. म्हणून पूर्वी पक्ष्याला भूल द्यायचे, डाव्या कुशीत छोटी चीर पाडून दुर्बिणीची नळी घालायचे आणि आत अंडाशय आहे का ते बघायचे. डावीच कुशी, कारण बहुतेक माद्यांमध्ये डावं अंडाशयच वाढतं. पद्धत चालते, पण जगात मोजके उरलेल्या पक्ष्याला भूल द्यायची म्हणजे काळजाचा ठोका चुकतोच ना. आणि पिल्लू फार लहान असेल तर आत बघूनही नीट कळत नाही.

पक्ष्यांमध्ये गाडी उलटी आहे

माणसात काय असतं हे शाळेत झालंय, बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून काय आलं त्यावर ठरतं, तरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बोलणी सुनेने खाल्ली.

पक्ष्यांमध्ये हे उलटं आहे. तिथे गुणसूत्रांना झेड आणि डब्ल्यू म्हणतात (गुणसूत्र म्हणजे पेशीतली डीएनएची गुंडाळी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे). नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर होणार की मादी हे आईच्या अंड्यातच ठरलेलं असतं. आणि आपल्याला फक्त एकच शोधायचंय, डब्ल्यू आहे का? असला तर मादी, नसला तर नर.

यावरून कॅलिफोर्नियातल्या कॉन्डॉरची गोष्ट सांगायलाच हवी. कॉन्डॉर म्हणजे अमेरिकेतलं महाकाय गिधाड, १९८२ मध्ये जगात २२ उरले होते, पुढे सगळेच्या सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले. प्रत्येक पक्ष्याच्या डीएनएची नोंद ठेवलेली. ती नोंद तपासताना दोन पिल्लं अशी सापडली की त्यांचा बाप कुठल्याच नराशी जुळेना (२०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं). कारण बाप नव्हताच, आईच्या अंड्यातला गुणसूत्रांचा अर्धा संच स्वतःच दुप्पट होऊन पिल्लू झालं होतं, तेही त्या माद्यांच्या पिंजऱ्यात नर असताना. दोन्ही पिल्लं नर. का? झेड दुप्पट झाला तर झेड-झेड, म्हणजे नर, आणि डब्ल्यू दुप्पट झाला तर ते पिल्लू जगतच नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

लॅबमध्ये नक्की करतात काय?

छातीवरची तीन-चार पिसं उपटायची. उपटायचीच, कात्रीने कापायची नाहीत, कारण पिसाचा वरचा भाग म्हणजे आपल्या नखासारखा, त्यात फारसं काही मिळत नाही, कामाचं असतं ते त्वचेत रुतलेलं टोक, देठ म्हणा. त्या देठाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा ब्लेडने कापून छोट्या नळीत टाकतात, त्यात पेशी फोडणारं द्रावण आणि प्रथिनं पचवणारं एन्झाइम, आणि ती नळी ५६ अंशांवर ठेवून देतात, बरेचदा रात्रभर. सकाळी तुकडा विरघळल्यासारखा झालेला असतो. मग धुवून गाळून डीएनए वेगळा करायचा, तो इतका थोडा असतो की नळीच्या तळाशी काही दिसतही नाही, आहे असं समजून पुढे जायचं. रक्ताचा एक थेंब मिळाला तर अजून सोपं, कारण पक्ष्यांच्या लाल रक्तपेशीत केंद्रक (डीएनए असतो तो भाग) असतं, आपल्यासारखं नाही, म्हणून एका थेंबात भरपूर डीएनए.

पुढची पायरी पीसीआर. कोविडमध्ये हा शब्द घराघरात गेला. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढतात ना, तसंच हे डीएनएचं झेरॉक्स मशीन, फक्त पूर्ण पुस्तकाची नाही तर आपल्याला हव्या त्या एकाच पानाची कॉपी. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, अशा ३० फेऱ्या झाल्या की हिशेबाने एका पानाच्या शंभर कोटींवर कॉपी होतात, मग ते दिसायला लागतं.

आता पान कुठलं? तर सीएचडी-१ नावाचं जनुक. हे झेडवरही असतं आणि डब्ल्यूवरही. म्हणजे एकाच पुरणपोळीची रेसिपी आजीच्या वहीतही आणि आत्याच्या वहीतही, पण एका वहीत मध्येच समासात भलतंसलतं जास्त लिहून ठेवलंय, त्यामुळे एका रेसिपीची लांबी वेगळी येते. रेसिपी तीच, मधला भराव कमीजास्त. १९९० च्या दशकाच्या शेवटी शास्त्रज्ञांनी याच भरावाच्या फरकावर टेस्ट बसवली, आणि तीच टेस्ट शेकडो जातींच्या पक्ष्यांवर चालते, चिमणीपासून गरुडापर्यंत.

लांबी मोजायची कशी? जेलीच्या वडीत एका टोकाला नमुना भरायचा आणि वीज सोडायची. दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रोडवर बघा, बारका पोरगा गर्दीतून सटकन पुढे जातो आणि दोन्ही हातात पिशव्या घेतलेला माणूस मागे अडकतो. तसाच छोटा तुकडा जेलीत पुढे पळतो, मोठा मागे राहतो. तासाभराने ती वडी दिव्यावर धरायची आणि चमकणाऱ्या रेघा दिसतात. नराच्या रांगेत एक रेघ, कारण दोन्ही झेड सारखेच. मादीच्या रांगेत दोन. बास, एवढंच उत्तर. मी पहिल्यांदा दोन रेघा बघितल्या तेव्हा मॅडमना हाक मारून मारून बोलावलं होतं.

एका पिसाने सांगितलेली गोष्ट

ब्राझीलमध्ये स्पिक्स मकाव नावाचा निळा पोपट होता. १९९० मध्ये शोधाशोध केल्यावर जंगलात फक्त एक पक्षी सापडला. जगात बाकी जे काही होते ते लोकांच्या पिंजऱ्यात. ठरलं की पिंजऱ्यातला एक जोडीदार त्याच्याजवळ सोडायचा. पण नर सोडायचा की मादी? त्याला पकडून तपासायची हिंमत कुणाची होणार, शेवटचा पक्षी आहे, हातात धडपडून मेला तर? त्यात त्याने दुसऱ्याच जातीच्या मकावशी जोडी जमवलेली.

मग त्याची गळून पडलेली पिसं गोळा केली, ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी त्यातून डीएनए काढला आणि उत्तर आलं, नर आहे. पक्ष्याला बोटही लावलं नव्हतं. १९९५ मध्ये मादी सोडली, पण काही आठवड्यांत ती नाहीशी झाली, आणि तो नर २००० नंतर कुणाला दिसला नाही. टेस्ट बरोबर होती, उशीर झाला होता. मात्र पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची पैदास चालू राहिली आणि २०२२ च्या जूनमध्ये आठ पक्षी त्याच भागात पुन्हा सोडले.

चुकीची जोडी लागली तर एवढं काय बिघडतं?

कोंबड्यांचं काही बिघडत नाही, तीन आठवड्यांत पुढचं पिल्लू. गिधाडाचं गणित मांडून बघा. वर्षाला एकच अंडं. पिल्लू स्वतः अंडं घालण्याएवढं मोठं व्हायला साधारण पाच वर्षं. आता पाच वर्षं वाढवलेले दोन पक्षी जोडी म्हणून एका पिंजऱ्यात ठेवले आणि ते दोघेही नर निघाले, तर पहिल्या हंगामात आपण म्हणणार नवीन आहेत, दुसऱ्या हंगामात म्हणणार अजून रुळले नाहीत, तिसऱ्या हंगामात शंका येणार. म्हणजे आठ वर्षं गेली आणि एकही अंडं नाही. खर्च, मांस, माणसं, जागा सगळं सोडा, ती आठ वर्षं कुठून परत आणणार?

दुसरं गणित अजून महत्त्वाचं वाटतं मला. समजा केंद्रात २० पक्षी आहेत. १० नर, १० माद्या असतील तर झकास. पण १८ नर आणि २ माद्या असल्या तर? पुढच्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लाची आई त्या दोघींपैकीच एक, म्हणजे एकेका आईची सगळी पिल्लं आपसात भावंडं नाहीतर सावत्र भावंडं. यासाठी एक साधा हिशेब आहे, नर गुणिले माद्या गुणिले चार, त्याला एकूण पक्ष्यांनी भागायचं. १८ गुणिले २ गुणिले ४ म्हणजे १४४, भागिले २०, उत्तर ७.२. कागदावर २० पक्षी, पण पुढच्या पिढीच्या दृष्टीने ते साताएवढेच. आणि हा हिशेब नरांनी आलटून पालटून जोड्या केल्या असं धरून आहे, गिधाडं तर जोडी धरून राहतात, म्हणजे १६ नर नुसते बसून.

"पण गिधाडं स्वतःच जोडीदार निवडतात ना?"

हो, आणि मोठ्या पिंजऱ्यात बरेच पक्षी एकत्र ठेवून त्यांनाच निवडू देणं हेच चांगलं. पण निवडायला समोर माद्या असायला पाहिजेत की नाही? पिंजोर, आसाममधलं राणी, बंगालमधलं राजाभातखावा, भोपाळ अशा केंद्रांमध्ये पक्षी वाटायचे, कुठे कमी पडले तर इकडचे तिकडे हलवायचे, जंगलात सोडायची तुकडी ठरवायची, हे सगळं नर-मादी माहीत असेल तरच जमतं.

शिवाय जोडी जमली म्हणजे नर-मादीच असं नाही. अॅमस्टरडॅमच्या झूमध्ये दोन नर गिधाडांनी घरटं केलं होतं, तिथल्या लोकांनी त्यांना बेवारस अंडं दिलं आणि २०१७ मध्ये त्यांनी ते उबवून पिल्लू वाढवलंसुद्धा. काकांच्या लव्हबर्ड्सचं तरी काय वेगळं होतं.

आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) विभू प्रकाश यांच्यासोबत २००७ मध्येच पांढऱ्या पाठीच्या आणि लांब चोचीच्या गिधाडांसाठी पक्ष्याला इजा न करणारी पीसीआर पद्धत प्रसिद्ध केली होती. म्हणजे हे तंत्र परदेशातून मागवायला लागत नाही.

"लिंगनिदानाला तर बंदी आहे!"

हा प्रश्न ग्रुपवर खरंच आला, आणि मला तो चुकीचा वाटत नाही. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरबाहेर पाटी वाचतच आपण मोठे झालो. पण तो १९९४ चा कायदा माणसाच्या गर्भासाठी आहे आणि तो करावा लागला कारण लोक मुलगी आहे कळलं की नको म्हणत होते. इथे कुणालाच नाकारायचं नसतं. टेस्ट पिल्लू बाहेर आल्यावर होते, कधीकधी तर पिल्लाला हातही न लावता, त्याने टाकलेल्या कवचाच्या आतल्या बाजूला सुकलेल्या रक्तवाहिन्या असतात ना, त्यातूनच डीएनए काढतात.

न्यूझीलंडच्या काकापोचं उदाहरण घ्या, न उडणारा जाडा हिरवा पोपट, १९९५ मध्ये फक्त ५१ माहीत होते. माद्यांनी जास्त अंडी घालावीत म्हणून त्यांना जादा खाऊ द्यायला लागले, तर झालं असं की गुबगुबीत झालेल्या माद्यांना मुलगेच जास्त व्हायला लागले. पिल्लांची नर-मादी नोंद होती म्हणून हे उघडकीस आलं. मग माद्यांचं वजन बघून खाऊ द्यायला सुरुवात केली आणि प्रमाण सुधारलं. मोजलं नसतं तर सगळे प्रेमाने खायला घालत राहिले असते आणि पुढच्या पिढीला आयाच उरल्या नसत्या.

टेस्ट चुकते का?

चुकते. सगळ्यात फसवी चूक म्हणजे मादीला नर ठरवणं. पीस जुनं असेल, पावसात भिजलेलं असेल, तर डीएनए तुटलेला असतो आणि डब्ल्यूच्या तुकड्याची कॉपी निघतच नाही. मग जेलीत दिसते एक रेघ आणि आपण लिहितो नर. म्हणून एकदा एक रेघ आली की लगेच खूश व्हायचं नाही, पुन्हा करायची, आणि सोबत एका पक्क्या माहितीतल्या नराचा आणि मादीचा नमुना चालवायचाच. काही शिकारी पक्ष्यांत दोन तुकड्यांच्या लांबीतला फरक इतका कमी असतो की रेघा एकमेकींना चिकटून एकच वाटते.

शहामृग, एमू यांच्यावर ही टेस्ट चालतच नाही, कारण त्यांचे झेड आणि डब्ल्यू अजून जवळपास सारखेच आहेत. मध्यंतरी आपल्याकडे एमूपालनाची लाट आली होती तेव्हा हा प्रश्न बऱ्याच शेतकऱ्यांना पडला असणार. त्यांच्यासाठी वेगळ्या खुणा शोधाव्या लागल्या.

आणि शेवटची चूक माणसाची, पाकिटांची अदलाबदल. मी स्वतः एका लॅबमध्ये दोन पाकिटांवर एकच रिंग नंबर (पक्ष्याच्या पायातल्या कडीवरचा नंबर) लिहिलेला पाहिलाय. दोन्ही नमुने टाकून द्यावे लागले आणि पक्ष्यांना पुन्हा पकडायला लागलं, त्यांना तो त्रास विनाकारण झाला याचं अजून वाईट वाटतं.

"एवढं करून गिधाडं वाचणार का?"

नुसत्या टेस्टने नाही. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली, म्हणजे हजारात एक उरलं, आणि कारण होतं गुरांना देतात ते डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. मेलेल्या जनावरात ते उरलं की खाणाऱ्या गिधाडाची किडनी निकामी. हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरतात म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शन ३ मिलीपुरतं केलं, २०२३ मध्ये अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या वेदनाशामकांवरही गुरांसाठी बंदी आली. गुरांसाठी मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे, तुमच्या ओळखीत गोठा असेल तर डॉक्टरांना तेच विचारा, हे मी हात जोडून सांगते. विष बाहेर तसंच राहिलं तर पिंजऱ्यात अचूक जोड्या लावून काढलेली पिल्लं बाहेर जाऊन मरतील. पण विष पूर्ण थांबेल तेव्हा सोडायला पक्षीही हवेत ना, ती तयारी वर्षानुवर्षं आधी करावी लागते. माळढोकाचं तसंच चाललंय, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जैसलमेरकडच्या केंद्रात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू आलं, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून तो जवळजवळ गेलाच असताना.

घरच्या पक्ष्याची टेस्ट करायची असेल तर

होते, काही शे रुपयांत, कुरिअरने नमुना पाठवून. पिसं पक्ष्यांच्या डॉक्टरकडूनच काढून घ्या, देठाला हात लावू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो म्हणून कागदाचं पाकीट वापरा आणि रिंग नंबर तिथल्या तिथे लिहा. आणि हो, आपला देशी पोपट पाळणंच वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे सगळं परदेशी जातींपुरतं.

काकांनी पहिल्यांदा कात्रीने कापलेली पिसं पाठवली होती, "नमुना अपुरा" असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे नेलं, आठवड्याने रिपोर्ट आला, दोन्ही पक्षी मादी. काकूंनी विचारलं आता एकीला बदलायचं का, तर काका म्हणाले, "छे, चार वर्षं एकत्र राहतायत त्या." सारखी अंडी घालून त्यांच्या अंगातलं कॅल्शियम कमी होत होतं म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने लाकडी पेटी काढून माळ्यावर ठेवली. तेव्हापासून अंडी बंद आहेत, आणि सकाळी गॅलरीतून जाताना दोघी झोपाळ्यावर एकमेकींची मान खाजवताना दिसतात.